बॉल पायाला चिकटलेला नाही: पीएस टूवरच्या फुटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं होतं की जुन्या कन्सोलवरच्या गेम्सबद्दल जे विचारायचं ते विचारा. मारिओ आला, कॉन्ट्रा आला, पण सगळ्यात जास्त पत्रं एकाच गेमची निघाली, प्लेस्टेशन टू म्हणजे पीएस टूवरचं फुटबॉल, कोनामी या जपानी कंपनीचं विनिंग इलेव्हन, म्हणजेच प्रो एव्होल्यूशन सॉकर, म्हणजेच आपलं पीईएस. मग ठरवलं की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचा. पत्रं थोडी कापली आहेत, बाकी भाषा तुमचीच ठेवली आहे.

माळ्यावर जुना पीएस टू सापडला, लावून बघितला तर चक्क चालू झाला! सोबत पीईएस ५ आणि पीईएस ६ अशा दोन्ही डिस्क आहेत. आधी कुठली लावू? भाऊ म्हणतो सहाच भारी, पाचला हात लावू नको.
वाचक, चिंचवड

पाच लावा. यावर माझं मत पक्कं आहे. पाच आला २००५ मध्ये आणि सहा २००६ मध्ये, मध्ये फक्त एक वर्ष, पण कंट्रोलर हातात घेतला की दोघांचा स्वभाव एकदम वेगळा लागतो. पाचमधला खेळ जड आहे, प्लेअर वळायला वेळ घेतो, अंगाला अंग लागलं की तोल जातो आणि तोल गेलेल्या माणसाने मारलेला शॉट सरळ स्टँडमध्ये जातो. त्यात रेफरी जरा काही झालं की शिट्टी मारतो, याचा लोकांना तेव्हाही राग यायचा आणि तो राग बरोबरच होता कारण मॅचची लय तुटते. पण त्या जडपणामुळेच पाचमध्ये एक-शून्यने जिंकलेली मॅचसुद्धा लक्षात राहते, गोल कमवावा लागतो.

सहामध्ये शिट्ट्या कमी झाल्या, खेळ मोकळा झाला, अटॅक करायची मजा वाढली. म्हणून मी म्हणेन की चार मित्र जमले तर सहा आणि रात्री एकट्याने बसून मास्टर लीग, म्हणजे साधी टीम हळूहळू वर नेण्याचा मोड, खेळायची असेल तर पाच. तुमचे बंधू सहा म्हणतायत म्हणजे ते बहुतेक इंटर, म्हणजे इटलीचा इंटर मिलान क्लब, घेऊन खेळत असणार 😄 सहामधला इंटरचा अ‍ॅड्रियानो म्हणजे शॉट पॉवर ९९, त्या गेममध्ये याच्या वर आकडाच नाही, बॉल त्याच्या डाव्या पायावर आला आणि समोर जरा जागा मिळाली की गोलकीपर नुसता बघत राहतो. कितीतरी ग्रुपमध्ये इंटर घ्यायची नाही असा नियमच असायचा. तुम्ही पण आधीच ठरवून टाका म्हणजे नंतर घरात भांडणं नकोत.

आणि हो, डिस्क लावायच्या आधी मऊ कोरड्या कपड्याने पुसा, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल फिरवून पुसू नका, तसा ओरखडा पडला तर तो वाचायला लेन्सला जास्त त्रास होतो.

मुलगा चौदा वर्षांचा आहे, हल्लीचे फुटबॉल गेम खेळतो. त्याला मोठ्या उत्साहाने माझा जुना पीईएस दाखवला तर म्हणाला बाबा यात लिव्हरपूलचं नावसुद्धा खरं नाहीये, तुम्हाला यात एवढं काय आवडायचं. मला उत्तरच देता आलं नाही. तुम्ही द्याल का?
वाचक, नाशिक

देतो, आणि जरा सविस्तर देतो कारण हाच या गेमचा मुद्दा आहे.

नावांबद्दल मुलगा बरोबर बोलतोय. क्लबांचे, लीगचे हक्क मोठ्या प्रमाणावर समोरच्या कंपनीकडे, म्हणजे फिफा गेम बनवणाऱ्या ईएकडे होते, म्हणून लिव्हरपूलचं मर्सीसाइड रेड झालं, एव्हर्टनचं मर्सीसाइड ब्लू झालं, जुन्या भागांत तर रॉबर्टो कार्लोसचा रॉबर्टो लार्कोस होता आणि पीईएस २ मध्ये नेदरलँड्सच्या अख्ख्या टीमला नावंच नव्हती, ऑरेंजेस आणि पुढे नंबर असं काहीतरी पाठीवर. आज हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. पण तेव्हा आम्ही दहा मिनिटांत विसरून जायचो, आणि विसरायचो ते बॉलमुळे.

त्या काळच्या बऱ्याच फुटबॉल गेम्समध्ये बॉल म्हणजे खुंटीला बांधलेलं वासरू, प्लेअर जिकडे जाईल तिकडे त्याच्या पायाशी. तुम्ही फक्त माणूस पळवायचा. कोनामीच्या टोकियोच्या टीमने बॉल सोडवला. त्यांच्या गेममध्ये बॉल ही मैदानावरची वेगळी वस्तू आहे, त्याला स्वतःचा वेग आहे, टप्पा आहे, फिरकी आहे, आणि प्लेअर त्याला टच करत करत पुढे नेतो. आर वन दाबून जोरात पळा, प्रत्येक टचला बॉल पायापासून थोडा लांब जाणार आणि नेमक्या त्याच क्षणी डिफेंडरचा पाय मध्ये आला की गेला बॉल. पास जोरात आला असेल आणि घेणारा साधा प्लेअर असेल तर बॉल त्याच्या पायावरून उडून दोन पावलं पुढे पडणार, तोच पास एखाद्या चांगल्या मिडफिल्डरकडे गेला तर बॉल पायाशी मेल्यासारखा थांबतो. उजव्या पायाच्या माणसाला डाव्या पायावर शॉट मारायला लावला तर शॉट तसाच येणार, अर्धवट. प्रत्येक प्लेअरच्या मागे बॅलन्स, प्रवेग, चपळाई, छोटा पास, लांब पास, शॉटची ताकद, शॉटचं तंत्र असे ढीगभर आकडे आहेत आणि मला आवडायचं ते हे की आकडे न बघता खेळलं तरी ते हाताला कळतात. डोळे मिटून कंट्रोलर दिला तरी दोन मिनिटांत सांगता यायचं की आत्ता बॉल फ्रान्सच्या स्ट्रायकर अ‍ॅन्रीकडे आहे का कुण्या सेंटर बॅककडे!

मुलाला एक गोष्ट करायला सांगा. पीईएसमध्ये स्वतःच्या हाफमधून निघायचं आणि आर वनला अजिबात हात न लावता, नुसत्या एक्स आणि त्रिकोणाने, म्हणजे छोटा पास आणि थ्रू पास, समोरच्या बॉक्सपर्यंत पोचायचं. पहिल्यांदा जमणार नाही, बॉल मध्येच तुटेल. मग त्याला कळेल की पास देण्याआधी घेणाऱ्याचं अंग कुठल्या बाजूला वळलंय ते बघायला लागतं, कारण पाठमोऱ्या माणसाला पास दिला तर तो आधी थांबणार, वळणार, आणि तोवर डिफेंडर अंगावर. हे एकदा दिसायला लागलं की टीव्हीवरची खरी मॅचसुद्धा वेगळी दिसते. नाव खरं का खोटं ते मग तो विचारणार नाही.

मी मडगावचा, मैदानावर डिफेन्समध्ये खेळतो, पण पीईएसमध्ये माझा डिफेन्स म्हणजे उघडं दार. एक्स दाबून धरतो, माझा माणूस धावत जातो आणि समोरचा आरामात बाजूने निघून जातो. काय चुकतंय?
वाचक, मडगाव, गोवा

एक्स दाबून धरणं हेच चुकतंय. एक्स धरला की तुमचा प्लेअर सरळ बॉलच्या दिशेने सुटतो, आणि तो सुटला की त्याची जागा मोकळी. तुम्ही खऱ्या मैदानात असं कधी करणार नाही, मागची जागा सोडून स्ट्रायकरच्या अंगावर जाणार नाही, मग इथे का? बॉल आणि स्वतःच्या गोलच्या मध्ये राहायचं, स्टिकने नुसतं सोबत सरकत राहायचं, आणि समोरच्याचा टच लांब गेला की त्या एका क्षणापुरता एक्स.

दाब टाकायचा असेल तर चौकोन वापरा. डिफेन्स करताना चौकोन दाबला की कॉम्प्युटर तुमचा दुसरा माणूस बॉलवर पाठवतो आणि तुम्ही तुमच्या माणसाने पासची वाट अडवून उभे राहता, ही जोडी जमली की अर्धं काम झालं. तेही सारखं दाबून ठेवू नका, तो दुसरा माणूस पण कुठूनतरी जागा सोडूनच आलेला असतो. गोल बटणाची घसरपट्टी, म्हणजे स्लाइड टॅकल, बॉक्सच्या आसपास विसरूनच जा. त्रिकोण धरला की गोलकीपर बाहेर पळत येतो, हे समोरचा एकटा सुटला तरच करा, आणि तेव्हाही जरा उशिरा, कारण आधीच बाहेर काढला तर एल वन आणि चौकोन दाबून तो डोक्यावरून चिप करणार आणि तुम्ही बघत बसणार.

आणखी एक, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. कधी कधी बॉल बाजूने जात असतो आणि तुमचा प्लेअर गेमने ठरवलेल्या वाटेनेच धावत राहतो, तुम्ही स्टिक फिरवली तरी ऐकत नाही. तेव्हा आर वन आणि आर टू एकदम दाबा, ती ठरलेली धाव तुटते आणि माणूस तुमच्या हातात येतो. कॉर्नरला, उंच बॉलला, समोरच्याचा पास मध्येच तोडायला, सगळीकडे उपयोगी. माझ्या मते साधा खेळणारा आणि चांगला खेळणारा यातला फरक याच दोन बटणांत आहे.

पीईएस ३ च्या कव्हरवर तो टकला मोठ्या डोळ्यांचा माणूस कोण? कुठला प्लेअर आहे?
वाचक, सोलापूर

प्लेअर नाही, रेफरी! इटलीचे पियरलुईजी कोलिना. २००२ च्या वर्ल्ड कपची फायनल, योकोहामाला ब्राझीलने जर्मनीला २-० हरवलं ती, त्यांनीच घेतली होती. फुटबॉल गेमच्या कव्हरवर स्टार स्ट्रायकर न घालता रेफरी घालायला धाडस लागतं आणि तो चेहरा इतका जबरदस्त होता की दुकानात लांबूनच डिस्क ओळखू यायची. पुढच्या भागाच्या कव्हरवरही ते होते, पण तिथे सोबत अ‍ॅन्री आणि टोटी आले.

मास्टर लीग सुरू केली. टीममध्ये कास्तोलो, मिनांदा, इवारोव असली कधी न ऐकलेली माणसं, सलग हरतोय. मित्र म्हणतो सुरुवातीलाच ऑप्शनमध्ये जाऊन खरे प्लेअर घे. घेऊ का?
वाचक, नागपूर

नको, अजिबात नको, हात जोडून सांगतो! ही माणसं म्हणजेच मास्टर लीग आहे.

हा मोड १९९९ च्या आयएसएस प्रो एव्होल्यूशनमध्ये आला, पहिल्या प्लेस्टेशनवर. कल्पना साधी, तुम्हाला कोनामीने मनानेच बनवलेले प्लेअर मिळतात, जगात कुठेही नसलेले, गोलमध्ये इवारोव, मागे स्ट्रेमर आणि वालेनी, मध्ये मिनांदा आणि झिमेलेझ, पुढे कास्तोलो. पळायला हळू, शॉट धड नाही. यांना घेऊन खालच्या डिव्हिजनमधून वर यायचं. मॅच जिंकली की पॉइंट मिळतात, पॉइंट म्हणजेच पैसे, त्यातून प्लेअर घ्यायचे आणि सीझन संपला की सगळ्यांचा पगार त्यातूनच द्यायचा. इथे नवीन खेळणारे फसतात. मधल्या ट्रान्सफरच्या वेळी हातात पॉइंट दिसतात म्हणून एखादा मोठा प्लेअर उचलतात आणि सीझनच्या शेवटी पगाराला पॉइंट कमी पडले की गेम ओव्हर, खरोखर गेम ओव्हर, पुढे खेळताच येत नाही. तेव्हा प्लेअर घेताना किंमत बघायच्या आधी पगार बघा.

तुम्ही हरताय ते बहुतेक एका कारणाने, तुम्ही यांच्याकडून मोठ्या टीमसारखा खेळ मागताय. पळून कुणाला मागे टाकणं यांना जमणार नाही. मिनांदाकडे बॉल द्या, त्याचा पास या टीममध्ये सगळ्यात बरा, आणि कास्तोलोला बॉक्सच्या आसपास ठेवा, बाकीच्यांनी फक्त जागा धरायची. ड्रॉ मिळाला तर ड्रॉ घ्या. मॅचच्या आधी प्रत्येकाच्या नावापुढचा बाण बघा, बाण वर असेल तर तो दिवस त्याचा आहे, साधा प्लेअरसुद्धा बाण वर असताना दीडपट खेळतो, आणि बाण एकदम खाली असेल तर तुमचा लाडका असला तरी बाहेर बसवा.

पहिला सीझन त्रासाचा जातो. पण पैसे जमवून पहिला बरा विंगर आणाल, त्याने क्रॉस टाकला आणि त्याच कास्तोलोने हेड मारून गोल केला की तुम्ही सोफ्यावरून उठून ओरडाल, हे मी लिहून देतो. जगभरात लोकांना ही नावं अजून पाठ आहेत, मोठ्या प्लेअरचा पगार परवडत असूनसुद्धा मिनांदाला न विकणारे लोक आहेत, आणि मला ते पूर्ण पटतं. पाच-सहामध्ये तर निवृत्त झालेले प्लेअर काही काळाने पुन्हा तरुण होऊन मार्केटमध्ये येतात, त्यामुळे ही लीग वर्षानुवर्षं चालवता येते. ऑप्शनमधून खरे प्लेअर घेतले तर यातलं काहीच होणार नाही, नुसत्या मॅचेस होतील.

विनिंग इलेव्हन, आयएसएस, आयएसएस प्रो, पीईएस, ही सगळी एकच गेम का वेगवेगळ्या? नेटवर वाचून डोकं गरगरलं.
वाचक, डोंबिवली

गरगरणारच, कोनामीने नावांचा गोंधळच घालून ठेवला होता. थोडक्यात सांगतो. कोनामीत दोन वेगवेगळ्या टीम फुटबॉल बनवत होत्या, एक ओसाकाची, एक टोकियोची. ओसाकावाल्यांनी इंटरनॅशनल सुपरस्टार सॉकर म्हणजे आयएसएस बनवला, तो आधी सुपर निन्टेंडोवर आला, १९९५ चा आयएसएस डिलक्स त्यातलाच, ज्यातला ब्राझीलचा अ‍ॅलेहो हा कोनामीने बनवलेला प्लेअर ब्राझीलमध्ये आजही हिरो आहे, आणि ज्यात एका चीटने रेफरीचा कुत्रा व्हायचा. पुढे निन्टेंडो ६४ वरचा आयएसएस पण ओसाकाचाच.

टोकियोवाल्यांनी प्लेस्टेशनसाठी वेगळी मालिका काढली. ती जपानमध्ये विनिंग इलेव्हन. युरोपात विकताना तिला आयएसएस प्रो नाव दिलं, म्हणजे गेम टोकियोची आणि आडनाव ओसाकाचं, सगळा घोळ इथूनच सुरू. जपानचा विनिंग इलेव्हन ३ म्हणजे युरोपचा आयएसएस प्रो ९८. मग आयएसएस प्रो एव्होल्यूशन, आणि २००१ मध्ये पीएस टूवर येताना आयएसएस गळून नुसतं प्रो एव्होल्यूशन सॉकर उरलं. या टोकियोच्या टीमचे मुख्य शिंगो ताकात्सुका, सगळे त्यांना सीबास म्हणायचे. २०२१ मध्ये कोनामीने पीईएस हे नावही बंद केलं आणि ईफुटबॉल केलं. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, जिथे तासावर पैसे देऊन खेळायचो, तिथे जपानी डिस्क पण असायच्या आणि युरोपच्या पण, म्हणून काही जण विनिंग म्हणायचे, काही पीईएस, आणि दोघंही बरोबर असायचे.

माझ्याकडे विनिंग इलेव्हन २००२ ची पीएस वनची डिस्क आहे, जपानी. पीएस टूवर चालते, पण सेव्ह होत नाही. पीएस टूचं मेमरी कार्ड चांगलं आहे, पीईएस ६ त्यावर व्यवस्थित सेव्ह होतो. मेनू पण कळत नाही.
वाचक, सांगली

कार्ड चांगलंच आहे, फक्त चुकीचं आहे. पीएस टू पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालवतो पण त्या गेम पीएस टूच्या ८ एमबी कार्डावर सेव्ह करू शकत नाहीत, त्यांना जुनं पीएस वनचं कार्डच लागतं, १२८ केबीचं, १५ ब्लॉकवालं. ते पीएस टूच्या त्याच खाचेत बसतं, वेगळं काही लागत नाही. जुना माल विकणाऱ्यांकडे अजून मिळतं, घेताना दुकानातच लावून सेव्ह करून बघा. पीएस टूच्या ब्राउझरमधून जुनी सेव्ह पीएस टू कार्डावर कॉपी करता येते, पण ती नुसती जपून ठेवायला, तिथून गेम ती वाचत नाही.

मेनूचं म्हणाल तर आधी एक लक्षात घ्या, जपानी डिस्कमध्ये ओके म्हणजे गोल आणि मागे जायला एक्स, आपल्या सवयीच्या बरोबर उलट. तुम्ही एक्स दाबत असाल आणि मेनू सारखा मागे जात असेल. बाकी मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अ‍ॅप टीव्हीसमोर धरा, दोन-तीन वेळा केलं की पाठ होतं. आवाज मात्र जपानीच ठेवा, कॉमेंटेटर जॉन काबिराची ती गोल झाल्यावरची आरोळी ऐकायलाच लोक ही डिस्क लावतात.

नवीन ४३ इंची टीव्हीवर पीएस टू लावला. चित्र घाण दिसतं ते समजू शकतो, पण शॉटचं बटण दाबल्यावर प्लेअर उशिरा मारतो. कंट्रोलर खराब झालाय का?
वाचक, ठाणे

कंट्रोलर नाही, टीव्ही. पीएस टू जे चित्र पाठवतो ते जुन्या ट्यूबच्या टीव्हीसाठी आहे, नवीन टीव्ही ते घेऊन आधी साफ करतो, मोठं करतो आणि मग दाखवतो, त्यात वेळ जातो. तुमचं बटण वेळेवर पोचतंय, तुम्हाला दिसतंय उशिरा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड असेल तो चालू करा, बराच फरक पडेल. चित्र ४:३ ठेवा, नाहीतर सगळे प्लेअर जाडे दिसतात.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरऐवजी कंपोनंटची (चित्रासाठी हिरवी-निळी-लाल अशा तीन पिनांची) वायर मिळाली तर चित्र खूप सुधारतं. टीव्हीला ते नसेल तर पीएस टूच्या मागे लागणारा छोटा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो. तो लावल्यावर रंग विचित्र आले तर घाबरू नका, कन्सोल डिस्कशिवाय चालू करा, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जा, तिथे कंपोनंट व्हिडिओ आउट आहे, ते आरजीबीवर असेल तर वाय सीबी सीआर असं लिहिलेल्या पर्यायावर करा. अडॅप्टर लावायच्या आधीच जुन्या वायरने हे करून ठेवलं तर उत्तम. आणि घरात किंवा नातेवाईकांकडे मागे फुगीर असलेला जुना टीव्ही पडून असेल तर तो भंगारात देऊ नका, या गेमला त्याच्यासारखा टीव्ही नाही.

दादा, आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको. पीईएस ६ मध्ये आमच्या तालमीच्या टीम बनवायच्या हायत, पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा, सगळ्या. भारताची टीम पण न्हाई गेममध्ये. हुईल का हे सगळं? आणि नावं मराठीत लिहिता येतील का?
वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

होईल! आणि हे पत्र वाचून इतका आनंद झाला की काय सांगू. ज्या गावात तालमीची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं, पेठेपेठेत भांडणं लागतात, त्या गावाची टीम या गेममध्ये असायलाच पाहिजे.

नावं देवनागरीत येणार नाहीत, फक्त इंग्रजी अक्षरं आहेत, तेवढं मान्य करा. बाकी एडिट मोडमध्ये जवळजवळ सगळं हातात आहे. असलेल्या टीमचं नाव बदला, जर्सी, शॉर्ट, मोजे यांचे रंग आणि पट्टे बदला, स्टेडियमचं नाव बदला. ज्या टीम तुम्ही कधी खेळतच नाही त्याच बदलायला घ्या, ब्राझील-अर्जेंटिनाला हात लावू नका. चिन्ह बनवायला चौकटींची जाळी येते, एकेक चौकट रंगवत जायचं. आधी वहीच्या चौकटीच्या कागदावर तालमीचं चिन्ह पेन्सिलने काढा, रंग कमीत कमी ठेवा, बारीक अक्षरं घालायच्या भानगडीत पडू नका, टीव्हीवर ती ओळखू येत नाहीत. मोठा एक आकार आणि दोन-तीन रंग एवढं पुरेसं.

प्लेअरचं काम खरं मजेचं. उंची, वजन, केस, चेहरा, कुठला पाय, पळताना हात कसे, फ्री किक घेताना कसा उभा राहतो, इथपर्यंत. आणि मग आकडे. इथे माझी कळकळीची विनंती, आपला माणूस म्हणून सगळ्यांना ९० च्या वर नेऊ नका. मग सगळे सारखे खेळतात आणि टीमचा जीव जातो. तुमच्या तालमीत जो विंगर वाऱ्यासारखा पळतो पण क्रॉस धड टाकत नाही त्याला टॉप स्पीड ८८ द्या आणि लांब पास ६० च द्या. जो डिफेंडर हवेतला एक बॉल सोडत नाही पण वळायला हळू आहे, त्याचं हेडिंग वर आणि चपळाई खाली. असं केलं की खेळताना तोच माणूस दिसायला लागतो, आणि तालमीतल्या ज्येष्ठांना बोलावून आकडे ठरवायला बसवलंत तर एकेका प्लेअरवर तासभर वाद होईल, तो वाद होऊ द्या. भारताची टीमही अशीच, एखादी न लागणारी टीम घ्या आणि बायचुंग भुतिया पुढे ठेवून बनवा.

सेव्हचं नीट ऐका. एडिट केलेलं सगळं ऑप्शन फाइलमध्ये जातं, मास्टर लीगची सेव्ह वेगळी असते. एका बैठकीत सगळ्या तालमी करायला जाऊ नका, एक टीम पूर्ण झाली की ऑप्शन फाइल सेव्ह करा, मग पुढची. मास्टर लीग सगळं एडिट संपल्यावरच सुरू करा. आणि दुसऱ्या मेमरी कार्डावर त्या फाइलची कॉपी ठेवा, ही कार्डं आता फार जुनी झाली आहेत, कधी दगा देतील सांगता येत नाही. त्याच कार्डावरून पेठेतल्या दुसऱ्या पीएस टूवर तुमच्या टीम नेता येतील, म्हणजे एकाने बनवलं की सगळ्यांना खेळता येईल. जर्सी तयार झाल्या की टीव्हीचा फोटो काढून पाठवा, पुढच्या अंकात नक्की छापू, फक्त सगळ्या तालमींच्या एकदम पाठवा, एकाच तालमीचा छापला तर बाकीच्या पेठा आम्हाला सोडायच्या नाहीत.